मल्लीच्या गाठीतले शिपाई

ढोरांच्या दवाखान्यात ज्यानं केर काढलाय त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. सकाळी कोपरान् कोपरा झाडा, दुपारी तिथं केसांचा गोळा बसलेला असतोच. बैलाचे केस, म्हशीचे केस, घोड्याचे, कुत्र्याचे. कुठला कुणाचा ते ब्रह्मदेवालाही ओळखू यायचं नाही. आमच्या दवाखान्यातल्या गोष्टी माझ्या डोक्यात अशाच साठल्यात. झाडून टाकाव्यात म्हणतो, तर कुणीतरी येऊन बसतं. "धोंडीबा, ते कुत्रीचं सांगा की!" काय सांगा? तेव्हाही माझं डोकं फिरायचं, आताही फिरतं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. शाळा तिसरीपर्यंत झालीय. शुद्धलेखन बघायला बसलेल्यानं इथूनच उठावं.

गोष्ट सोलापुरातली, इंग्रज होता तेव्हाची. गिरणीच्या भोंग्यावर गाव उठायचं आणि भोंग्यावर निजायचं. मी केम गावाहून आलेला, दवाखान्यात ड्रेसर. ड्रेसर म्हणजे काय? जनावर धरायचं, पाय बांधायचे, लाथ खायची, जखम धुवायची आणि वर केर काढायचा. औषधं कालवायला वामनराव कंपाउंडर. फार सोवळ्याचा माणूस, घोड्याला औषध पाजलं तरी हात धुऊन आचमन करायचा. आणि सगळ्यांच्या वर डॉक्टर हिरेमठ. अक्कलकोटकडचे, घरात कानडी, मुंबईला शिकलेले. माणूस देवासारखा, पण एक खूळ होतं. बैल-म्हशींच्या दवाखान्यात बसून हा शहाणा माणूस कुत्रीच्या आचळात होणाऱ्या गाठींच्या मागं लागला होता!

*

एकदा वैरागहून एक शेतकरी बैल घेऊन आला. बैलाचं शिंग मुळातून हललेलं, रक्त चाललेलं. आत डॉक्टर एका म्हाताऱ्या कुत्रीची गाठ काढत बसलेले. शेतकरी लिंबाखाली बसून बसून कंटाळला.

"डाक्टर काय करत्यात?"

"कुत्रीची गाठ काढत्यात," मी म्हटलं.

"मग?"

"मग त्या गाठीचे पातळ काप करणार."

"मग?"

"मग काप रंगवणार."

"रंगवणार? मग?"

"मग भिंगातनं बघणार."

शेतकऱ्यानं पागोटं सारखं केलं. मग उठून खिडकीशी गेला आणि मोठ्यानं ओरडला, "डाक्टरसायेब, माझ्या बैलाला आचळं फुटस्तवर थांबू, का जाऊ घरला?"

डॉक्टर तसेच रक्ताच्या हातानं बाहेर आले. लाजले, माफी मागितली, शिंग छान बांधून दिलं. शेतकरीही निवळला. निघताना डॉक्टर त्याच्या मागं फाटकापर्यंत गेले. मला वाटलं, पथ्य सांगतात.

"अहो, तुमच्या वैरागात गाठी झालेल्या कुत्र्या आहेत का हो?"

*

ते भिंग म्हणजे मायक्रोस्कोप. तो पहिल्यांदा आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला हार घातला. दसरा नाही, काही नाही, साधा मंगळवार! स्वतःच्या पगारातून आणलेला. त्या दिवशी फार खुशीत होते. मला म्हणाले, "धोंडीबा, ये. बघ."

मी एक डोळा मिटून बघितलं. "काळं कुंपण दिसतंय."

"ती तुझी पापणी! जरा मागं हो."

मागं झालो. गुलाबी चिखलात जांभळे ठिपके दिसले, मोहरी सांडल्यासारखे.

डॉक्टर समजावायला लागले. "परका कुणी अंगात शिरला की रक्तातले पांढरे कण तिकडं धावतात. आपले शिपाई समज. गाठ म्हणजे घरातलाच माणूस दरोडेखोर झालेला. आता शिपाई त्याला ओळखतात की नाही, त्याच्याभोवती जमतात की नाही, किती जमतात, हे मला बघायचंय. कुत्री जगणार की मरणार याचं उत्तर तिथं असेल असं मला वाटतं."

"कुठले ते शिपाई?"

"ते गोल गोल, जांभळे."

"तुमी तर पांढरे म्हनलासा."

"पांढरेच. मी रंगवलेत म्हणून जांभळे."

"मग पांढरे हायत हे कशावरनं?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. भिंगाकडं बघितलं. पुन्हा माझ्याकडं बघितलं.

"धोंडीबा," ते म्हणाले, "केर काढ."

*

पुढं डॉक्टरांना गाठी कमी पडायला लागल्या. मग काय, निघाला धोंडीबा गावात, गाठी हुडकायला! हे काम करून बघा एकदा. एका मास्तरांच्या दारात कुत्री दिसली म्हणून आत हाक मारली. मास्तरीणबाई आल्या. मी आपलं सरळ विचारलं, "बाई, तुमच्या कुत्रीच्या आचळाला गाठ हाय का?" बाईंनी हातातला तांब्या माझ्यावर रिकामा केला, आणि वर तांब्याही फेकला.

टांगेवाल्यांच्या अड्ड्यावर गेलो तर तिथली तऱ्हा वेगळी. एकजण म्हणाला, "क्या मामू, पूरे सोलापूर में तुमकूच कुत्तियां दिखते क्या?" सगळा अड्डा हसला. घोडेसुद्धा हसले असावेत.

शेवटी तेलुगू विणकरांच्या पेठेत शिरलो. सकाळची वेळ. तिथं लुगड्याचा ताणा, म्हणजे मागावर चढायचं उभं सूत, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून ठेवतात, त्याला तांदळाची खळ लावतात आणि ऊन चढायच्या आत वाळवतात. खळीच्या वासानं शेळ्या येतात, गाय येते, डुकरं येतात. एकानं तोंड घातलं की सगळं सूत तुटलं. त्या ताण्याच्या कडेनं एक तांबडी कुत्री चालली होती. टोकापर्यंत जायची, वळायची, परत यायची, एखाद्या पोलिसासारखी. शेळी आली की नुसती समोर जाऊन उभी राहायची. भुंकणं नाही, चावणं नाही. शेळी आपली मुकाट्यानं माघारी.

आणि तिच्या पोटाखाली, मागच्या आचळाशी, लिंबाएवढी गाठ!

मालकीण नरसव्वा. विधवा बाई, स्वतः मागावर बसून पोट भरणारी, हातात खळीचा कुंचा. मी विचारलं, "ही कुत्री तुमची का? गाठ हाय तिला."

"मल्ली नाव हाय तिचं. गाठ हाय, मग? तुला काय करायचंय, लगीन लावायचंय का तिच्यासंगं?"

मी डॉक्टरांचं, शिपायांचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, आणि म्हणाली, "लग्नसराईच्या लुगड्यांचं काम अंगावर हाय. माणूस ठेवायची ऐपत न्हाई. मल्ली गेली तर मला कुंचा टाकून शेळ्या हाकाव्या लागतील, मग माग कोण चालवनार, तुझा डाक्टर? दवाखान्यात ठेवतोस तर तितके दिवस ताण्याच्या कडंनं तू फिरतोस का?"

"मी सरकारी माणूस हाय."

"मग शेळ्या भ्यायच्या न्हाईत. जा."

रागानं निघालो. जवळच्या वाटेनं जावं म्हणून ताण्यावरून एक पाय पलीकडं टाकला, आणि मागून धोतर ओढलं गेलं. मल्लीनं धरलं होतं. आवाज नाही, गुरगुर नाही. सोगा तिच्या तोंडात राहिला आणि मी तसाच दवाखान्यात आलो.

डॉक्टर धावत आले. "काय धोंडीबा, सँपल मिळालं का?"

"तिनंच माजं घेतलं!" मी म्हटलं.

*

गाठीचा काप पातळ निघावा म्हणून तिचा तुकडा मेणात घट्ट बसवतात. नेहमीचं मेण पुण्याहून यायचं. एकदा आलंच नाही. डॉक्टरांनी बाजारातल्या मेणबत्त्या वितळवल्या, त्यात तुकडा बसवला, आणि ती वडी खिडकीत गार करत ठेवली. वडीच्या मधोमध मेणबत्तीची वात तशीच राहिलेली, त्याकडं कुणाचं लक्ष?

संध्याकाळी कंदिलातलं तेल संपलं. वामनरावांना औषधाच्या बाटल्या लावायच्या होत्या. त्यांनी खिडकीतली वडी घेतली आणि लावली काडी. बिचारी जळलीसुद्धा छान! थोड्या वेळानं वामनराव नाक वर करून हुंगायला लागले.

"धोंडीबा, हा वास कसला रे? बरा येतोय."

मी वडीकडं बघितलं आणि मला कळलं. पण विचारल्यावर खरं सांगायला नको? "भाजल्या मटनाचा," मी म्हटलं.

डॉक्टर आले तोवर वात पार तुकड्यापर्यंत पोचली होती. त्यांनी कपाळाला हात लावला. "वामनराव, माझी गाठ जाळलीत तुम्ही!"

वामनराव विहिरीकडं पळता पळता ओरडले, "तुमची गाठ कसली घेऊन बसलात! मी 'बरा येतोय' म्हणालो हो!"

*

गिरणीतल्या एका साहेबाच्या मड्डमेची कुत्री होती, फ्लॉसी. हातभर लांब, वीतभर उंच, तोंड चपटं. माझ्या म्हणण्यानुसार ते कुत्रंच नव्हतं, पण गाठ होती. डॉक्टरांनी ती काढली, काप केले, भिंगाला डोळा लावला आणि उडालेच. "धोंडीबा! शिपाईच शिपाई! गाठीला वेढा घातलाय त्यांनी!"

मड्डम आली तेव्हा डॉक्टर छाती काढून उभे. "मेमसाहेब, फिकीर नको. शिपाई खूप आहेत. फ्लॉसी जगणार." मड्डमेनं आनंदानं आम्हाला केक पाठवला. त्यात अंडं असेल म्हणून वामनरावांनी खाल्ला नाही. मग मला दोन वाटे आले.

तो केक पुरता जिरायच्या आधी फ्लॉसी मेली. छातीत गाठी उतरल्या होत्या.

मड्डम टांग्यातून उतरली ती रडतच. "डाक्टर, टुम बोला था सिपाही बहुट है! सिपाही क्या करटा था?"

डॉक्टर मान खाली घालून उभे. टांगेवाला तोच, अड्ड्यावरचा. तोच हळूच म्हणाला, "मेमसाब, सोलापूर के सिपाई हैं. दोपहर में सोते."

त्या दिवसापासून आमच्या डॉक्टरांच्या तोंडातून "जगेल" हा शब्द गेला तो गेलाच.

*

"मरेल" हा शब्द कसा गेला तेही ऐका.

स्टेशनामागं हिंडणारी एक बेवारशी कुत्री मीच धरून आणली होती. काळी, एक कान पांढरा. हाताला चावली ती चावली, तो डाग अजून आहे. तिची गाठ काढली, भिंगातून बघितलं, तर एकही शिपाई नाही! डॉक्टरांना फार वाईट वाटलं. म्हणाले, "हिचं काही खरं नाही. फार तर महिना. सोडून दे बिचारीला, सुखानं मरू दे."

सोडली. ती मरते कसली! रोज सकाळी येऊन आमच्या पायरीवर बसायला लागली. मटण मार्केटातनं हाड आणायची आणि डॉक्टरांच्या खिडकीखाली कडाकडा फोडायची. महिना गेला, पावसाळा गेला, अंगावर तकाकी आली. डॉक्टर तिला बघितलं की तोंड फिरवायचे. मी तिचं नाव मयत ठेवलं.

"मयत आली, दार लावा!" मी ओरडायचो. एकदा करमाळ्याचा एक भला माणूस म्हैस घेऊन बसला होता. तो चटकन उठला, टोपी काढली, हात जोडले. समोरून मयत शेपूट हलवत आली आणि त्याची भाकरी घेऊन गेली.

*

आणि अशा वेळी, डॉक्टरांचं "जगेल"ही गेलेलं, "मरेल"ही गेलेलं, तेव्हा नरसव्वा मल्लीला हातगाड्यावर घालून आली.

लिंबाचं कवठ झालं होतं, आणि फुटलं होतं. मल्लीला ताण्याच्या टोकापर्यंत चालवत नव्हतं. ती मधेच बसायची. ती बसली तेवढ्यात शेळीनं तोंड घातलं होतं आणि एक अख्खा ताणा गेला होता.

मी क्लोरोफॉर्मचा कापूस धरला. नरसव्वा मल्लीचा पुढचा पाय धरून उभी. वामनराव म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर बसा, बघवणार नाही." ती म्हणाली, "तुमीच बसा, घाम तुमाला आलाय." वामनराव बाहेर जाऊन बसले.

गाठ निघाली. काप झाले, रंगले. डॉक्टरांनी डोळा लावला आणि कानडीत आले, "अय्यो शिवने, एष्टु मंदी!" म्हणजे, देवा, किती ही माणसं! शिपायांची अशी गर्दी त्यांनी कधी बघितली नव्हती.

नरसव्वानं विचारलं, "सस्तदा? बतुकतदा?" म्हणजे तेलुगूत, मरणार, का जगणार?

"सांगता येत नाही, बाई."

"तुमी शिपाई बघितलासा न्हवं?"

"बघितले. पण सांगता येत नाही."

मग तिनं त्यांना नीट बसवून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं, पण तेलुगूतलं मानाचं 'गारू' लावून. "डाक्टरगारू, ताण्याचं कुत्रं बाजारात मिळत न्हाई. पिलू आणावं लागतं, जुन्या कुत्र्याच्या मागनं फिरवावं लागतं, तवा कुटं ते शिकतं. मल्ली मरनार असंल तर मला पिलू आत्ता पायजे, हिचे पाय चालत्यात तवर. पण मल्लीला बोळात दुसरं कुत्रं खपत न्हाई. मागं शेजाऱ्यानं एक आणलं, तर हिनं अन्न सोडलं, डोळे मिटून पडली. जगनार असंल तर उगं तिचा अपमान कशाला करू? म्हनून इचारते. एक काय ते सांगा."

"खरंच सांगता येत नाही."

मला राहवेना. ती गेल्यावर म्हटलं, "डॉक्टर, एक शब्द सांगून टाका की!"

"कुठला?"

"कुठलाबी!"

डॉक्टरांनी नुसतं पायरीकडं बोट केलं. तिथं मयत पाय वर करून कान खाजवत बसली होती. पोट खाली लोंबलेलं. मरणं राहिलं बाजूला, बया गाभण होती!

*

"शिपाई हायत" एवढंच पेठेत पोचलं. आता शिपाई म्हटले की ते खाणार! नरसव्वानं मल्लीला अंडी सुरू केली. शेजारणीनं बकऱ्याच्या पायाचा रस्सा दिला. एक म्हातारा विणकर म्हणाला, नुसत्या खाण्यावर कुठला शिपाई लढतो? त्यानं वाटीभर शिंदी पाजली. मी टाक्यांना औषध लावायला गेलो, तर मल्ली ताण्याखाली चारी पाय वर करून घोरतेय आणि दोन शेळ्या शांतपणे खळ चाटतायत!

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. ते तसेच सायकलवरून पेठेत आले. "कुणी पाजली हिला शिंदी? कुणी सांगितलं?"

म्हातारा पुढं झाला. "तुमीच सांगितलं की! शिपाई हायत म्हनून."

"अहो, ते तसले शिपाई नव्हेत!"

"मग कसले?"

डॉक्टरांनी बोटानं हवेत एक गोल काढला. मी म्हटलं, "डॉक्टर, सांगू नका. रंगाचं इचारतील."

*

टाके काढायच्या दिवशी डॉक्टर स्वतः पेठेत आले. बोळात त्या दिवशी भांडण जुंपलेलं. ताणा आधी कुणी लावायचा यावरून दोघे एकमेकांच्या उरावर बसलेले आणि भोवती सगळी पेठ.

डॉक्टर सायकल धरून उभे राहिले. बघत राहिले. बघतायत तर बघतायत!

"धोंडीबा, यातले भांडण सोडवायला किती आलेत?"

मी बघितलं. "तो एक म्हातारा. तोबी आता दमलाय."

"आणि बाकीचे?"

"बघायला. मागचे ते दोघं काठ्या पुरवायला. आन् तो कोपऱ्यातला चिवडा इकतोय."

डॉक्टरांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं ऊन लागलं. "अय्यो," ते म्हणाले, "माझ्या भिंगात तर नुसती गर्दी दिसते रे! सोडवायला कोण आलंय, बघायला कोण, काठ्या द्यायला कोण, हे मी कसं ओळखू?"

एवढं बोलून विचारात चार पावलं मागं सरले, ते थेट दुसऱ्याच्या ताण्यावर. मल्लीच्या अंगात अजून टाके होते. तरी ती उठली, चालत आली आणि तिनं डॉक्टरांची विजार धरली.

*

दिवाळी झाल्यावर डॉक्टरांनी मल्लीला पुन्हा तपासायला बोलावलं. पोटावरून हात फिरवता फिरवता पुढच्या आचळाशी थांबले. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच थांबले. मग उठले आणि हात धुवायला लागले. किती वेळ धुवावेत? वामनरावसुद्धा इतके धूत नसत.

नरसव्वानं विचारलं, "सस्तदा? बतुकतदा?"

"बाई, सांगता..."

"येत न्हाई. कळलं." मल्लीला उचलून ती निघून गेली.

त्याच दिवशी डॉक्टरांनी मल्लीच्या जुन्या कापांच्या काचा पुन्हा बाहेर काढल्या. सकाळी आले की भिंग, जेवण झालं की भिंग. बैल बाहेर हंबरतायत, म्हशी शेण टाकतायत, आणि हा माणूस एका डोळ्यानं शिपाई बघतोय! मी म्हटलं, "तेच हायत न्हवं कालचे? का बदली झाली त्यांची?" तर म्हणाले, "सुम्निरो!" गप्प बस.

एका सकाळी मी केर काढून नुकताच चहा ओतून घेतला होता. दारात नरसव्वा उभी. एकटी. मल्ली नाही. हाताला ओली खळ तशीच.

डॉक्टर भिंगावरून उठले. मी म्हटलं, संपलं.

"बोळात पिलू शिरलं आज," नरसव्वा म्हणाली. "कुनाचं न्हाई. कुटनं आलं ठावं न्हाई. काळंभोर, एक कान पांढरा."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी डॉक्टरांकडं बघितलं. आम्ही दोघांनी पायरीकडं बघितलं. मयत नव्हती.

"ते मेलं सरळ ताण्याखाली घुसलं, खळीला तोंड लावायला. मल्ली उठली. मी कुंचा टाकून पळाले, म्हनलं आता मारती त्याला. तिनं त्याची मान धरली तोंडात. धरली, आन् ताण्याच्या भायेर आणून ठेवलं. मग लागली चालायला. पिलू मागनं. टोकापातूर गेली, वळली, पिलूबी वळलं. मग शेळी आली."

"मग?" डॉक्टर दारापर्यंत आले.

"मग मल्ली खाली बसली. जागची हालली न्हाई. पिलाकडं बघत ऱ्हायली. ते येडं जाऊन शेळीम्होरं उभं ऱ्हायलं, पाय लटलट कापतायत. शेळी गेली माघारी."

नरसव्वानं हाताची खळ पदराला पुसली.

"डाक्टरगारू, तुमचं भिंग ठेवा आता आत. मल्लीनं सांगितलं मला." आणि वळली. "जाते. ताणा भायेर हाय."

ती गेली. वामनराव औषधाच्या खोलीच्या दारात उभे होते. मी विचारलं.

"डॉक्टर, कुत्रीला कसं कळलं हो?"

मला वाटलं, आता म्हणतील, धोंडीबा, केर काढ. म्हणाले नाहीत. त्यांनी काचा पेटीत ठेवल्या, पेटी मिटली, भिंगावर फडकं टाकलं. मग कोपऱ्यात गेले, माझा झाडू घेतला आणि झाडलेली खोली स्वतः पुन्हा झाडायला लागले.

आणि तेही धड येत होतं का? सगळे केस उडाले आणि पडले माझ्या चहात!